यादोरावचं टेस्टिंग

"बंद कर! बंद कर म्हणते ना थे! माह्या कानात सुई घालून फिरवून राहिलं कोणी!"

शेवंताबाई झारा तलवारीसारखा उगारून ओरडत होती. कढईतले आलुबोंडे काळे पडत होते आणि शहापूरच्या हायवेवरचे ट्रकवाले ब्रेक मारून बघत होते, की हॉटेलात खून बिन पडला की काय. रजनी मॅडमनी शांतपणे मोबाइल उचलला, गाणं बंद केलं आणि मोबाइल पर्समध्ये ठेवला. निकाल लागला होता. इतक्या वर्षांत यादोराव पहिल्यांदा हरला होता.

त्यानं वाद घातला नाही. आमच्या टेबलावर वाद न घालणं हे मरण्याइतकं अवघड काम, पण त्यानं ते केलं. फक्त मान वळवून पूर्वेकडे, नदीच्या अंगाला पाहिलं. तिकडे ढग असे दाटले होते, की दुपारच्या वेळी शेवंताबाईच्या कोंबड्या झोपायला निघाल्या होत्या.

"शब्द म्हणजे शब्द," तो म्हणाला. "ह्या पावसाळ्यात टेस्टिंगले मॅडमचं गाणं."

"अहो यादोभाऊ, चेहरा कशाला पाडता? गाणंच तर आहे," रजनी मॅडम म्हणाल्या.

"चेहरा पडला नाही मॅडम. मले थे गाणं हलकं लागते. त्याच्यात बासच नाही."

हे वाक्य तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं.

आता हा यादोराव कोण, हे सांगायला हवं. शहापुरात 'यादोराव साउंड सर्विस' नावाची एक गाडी होती. गाडी म्हणायची पद्धत म्हणून म्हणायची; मूळचा तो मालवाहू टेम्पो, पण त्यावर बासचे, म्हणजे खालच्या, घुमणाऱ्या आवाजाचे, एवढाले काळे डबे चढवले होते, की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, कोणी कपाटांचं दुकान पळवून नेतंय. लग्न, मंडईची जत्रा, झाडीपट्टीचं नाटक, सरपंचाचा वाढदिवस, सगळीकडे हीच गाडी. आणि गाडीच्या बोनेटवर तळहात टेकवून उभा यादोराव: मे महिन्यात, जेव्हा भंडाऱ्यात डांबर वितळून चपलेला चिकटतं, तेव्हाही काळा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. "गरम नाही होत का बे?" असं कोणी विचारलं तर म्हणायचा, "आतून थंडा हाय मी." आणि खरंच, त्याच्याजवळ उभं राहिलं की जरा गार वाटायचं. मी एकदा त्याच्या बाजूला ताकाचा गिलास ठेवला तर वर बर्फ जमला होता. विश्वास ठेवायचा तर ठेवा.

त्याचा आजार असा, की तो पोस्ट-पंकचा, म्हणजे पंक रॉकच्या दंग्यानंतर आलेल्या उदास विलायती गाण्यांचा, भक्त होता. नागपूरच्या रविवारच्या बाजारातून त्यानं एक जुना टेप घेतला. आत कोणाची तरी कॅसेट अडकलेली. पेचकस घातला, चिमटा घातला, शेवटी देवाला नारळ कबूल केला. कॅसेट निघेना, आणि तिच्याशिवाय दुसरं काही वाजेना. हंगाम तोंडावर, पाहुणे मांडवात. यादोरावनं तेच लावलं. त्या एका उन्हाळ्यात आमच्या तालुक्यातले तमाम नवरदेव एका अनोळखी इंग्रज टोळीच्या मर्तिकासारख्या गाण्यावर घोड्यावरून आले. घोडे मान खाली घालून चालायचे. एका लग्नात तर नवरीकडचे लोक सांत्वनाला आल्यासारखे एकमेकांच्या गळ्यात पडून रडले, आणि नंतर म्हणाले, "काहून रडलो आपण? पण बरं वाटलं बाप्पा."

वर्षभर तेच ऐकून ऐकून यादोराव त्या गाण्याच्या प्रेमात पडला. पुढे इंटरनेट आलं तेव्हा नाव सापडलं. 'वेट सिमेंट' नावाचा बँड. इंग्लंडमधल्या धुक्याच्या कुठल्याशा बंदरातली चार पोरं. एकच रेकॉर्ड काढली, ती कोणी घेतली नाही, पोरं आपापल्या कामाला लागली. यादोराव म्हणायचा, "जगात वेट सिमेंटचे जेवढे भक्त हायेत थे सगळे शेवंताबाईच्या एका बाकड्यावर बसतात." आणि ते खरं होतं, फक्त त्यातही अर्धे विरोधक होते.

कारण बाकड्यावर आम्ही चौघं होतो. मी खताच्या दुकानात हिशेब सांभाळणारा, म्हणजे ऐकणारा. भंडाऱ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे ठवकर सर; त्यांचा पक्ष प्रसिद्ध बँडांचा. 'सॉल्ट चेंबर्स'च्या पुढे त्यांना जग नव्हतं, आणि जो बँड मोठ्या मैदानात वाजला नाही तो बँड नाहीच, असं त्यांचं ठाम मत. पोस्टातल्या रजनी मॅडम. त्यांना फक्त बायकांचे, विसरलेले, पातळ आवाजाचे बँड आवडायचे, त्यातही 'ग्लास नर्सेस'. त्यांच्या गाण्यात एक गिटार काच खरवडल्यासारखी वाजायची, आणि ड्रम म्हणजे कोणी दुसऱ्या खोलीत दार ठोकतंय असा. आणि चौथा यादोराव.

दर रविवारी दुपारी भांडण. आजूबाजूचे लोक समजायचे, हे जमिनीच्या वाटण्यांवरून भांडून राहिले.

"पंक म्हणजे काच फोडणे," ठवकर सर वर्गात शिकवल्यासारखे म्हणायचे, "आणि पोस्ट-पंक म्हणजे त्या फुटक्या काचांवरून चालताना जे वाटतं ते."

"सर, इतकं वाकडं कायले सांगता?" यादोराव म्हणायचा. "पंक म्हणजे वरात. पोस्ट-पंक म्हणजे दुसऱ्या दिवशीचा मांडव."

सरांनी ते वाक्य खिशातल्या डायरीत उतरवून घेतलं.

"तुमच्या त्या वेट सिमेंटच्या गाण्यात आहे तरी काय?" रजनी मॅडम एकदा चिडून म्हणाल्या. "एक माणूस बस स्टॉपवर उभा. पूर्ण गाणंभर उभा. आणि बस येतच नाही."

"बस आली तं थे पोस्ट-पंक कायचं मॅडम?"

त्याची अशी वाक्यं गावात फिरायची. "बास पोटात वाजला पाहिजे, कानात तं मच्छरही वाजते." आणि दुसरं, जे तो फार गंभीरपणे, बोनेटवर तळहात ठेवून सांगायचा: "खुशीच्या गाण्यानं कोणी घर सोडत नाही."

भांडणाचा निवाडा आम्ही आपसात कधीच करू शकलो नसतो. करायला बसलो असतो तर आमच्यातले दोन तरी तुरुंगात असते. म्हणून न्यायाधीश नेमली शेवंताबाई. तिला इंग्रजी येत नाही, बँड माहीत नाहीत, कोणाचा पक्ष नाही. नियम असा: पावसाळा लागायच्या आधीच्या रविवारी प्रत्येकानं यादोरावच्या गाडीवर एक गाणं लावायचं. चांगलं पोस्ट-पंक माणसाला स्वस्थ बसू देत नाही, हे तर तिघांनाही मान्य. तेव्हा ज्या गाण्याला शेवंताबाई "बंद कर" म्हणेल, ते गाणं जिंकलं. आणि जिंकलेलं गाणं यादोराव पुढच्या पावसाळ्यापर्यंत टेस्टिंगला लावणार.

दरवर्षी वेट सिमेंट जिंकायचं. बास सुरू झाला की तिचे चहाचे गिलास ट्रेमध्ये एकमेकांना धडकत नाचायला लागायचे, एखादा खाली उडी मारायचा, आणि बाई ओरडायची, "बंद कर रे यादो, थे मरतुकं!" यादोराव हात जोडून उभा राहायचा, जणू पुरस्कार मिळाला.

पण त्या वर्षी काय झालं ते आधी सांगितलंच. वेट सिमेंट लागलं, गिलास नाचले, आणि शेवंताबाई ते एका हातानं धरून, दुसऱ्या हातानं बोंडे सोडत, गुणगुणायला लागली! इतकी वर्षं ऐकून तिला ते गाणं आपलं वाटायला लागलं होतं. यादोरावचा विजयच त्याला खाऊन गेला. आणि मग ग्लास नर्सेस लागलं, आणि झारा उगारला गेला.

आता टेस्टिंग म्हणजे, गाडी कुठेही लागली की आवाज नीट येतो का हे पाहायला आधी लावायचं गाणं. त्यात एवढं काय अडलं होतं, ते ऐका.

आमच्या नदीचा स्वभाव सांगतो. वैनगंगा उन्हाळ्यात इतकी गरीब असते, की बकऱ्या तिच्यात उभ्या राहून तिचीच कीव करतात. पण तिकडे मध्य प्रदेशात पाऊस पडला, हद्दीवरच्या बपेऱ्याला पाणी चढलं, की ती आमच्याकडे रात्र-दिवस न पाहता येते. पाऊस आमच्याकडे नसतोच. ऊन पडलेलं असतं, आणि उन्हात पूर येतो. अशा वेळी तहसीलमधून यादोरावला फोन यायचा: नदीकाठी गाडी फिरवा, लोकांना वर काढा.

नदीकाठच्या टोल्यांमधला, म्हणजे वस्त्यांमधला, सगळ्यात खालचा तो खालटोला. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला नाला. नाल्यावर एक रपटा, म्हणजे कठडे नसलेला बुटका पूल, रपटा ओलांडला की चढ, आणि चढावर शाळा. दुसरी वाट होती ती मागून, बोडीच्या पारीवरून, म्हणजे तळ्याच्या बांधावरून. उंच, सुरक्षित, पण फक्त पायी जायची आणि लांबची. ह्या टोल्यात, नदीकडून पहिल्याच घरात, यादोरावची बडी माय राहायची.

बडी माय म्हणजे त्याच्या बापाच्या मोठ्या भावाची बायको. यादोराव तिच्याच हातचं खाऊन वाढला. वयानं ती इतकी जुनी होती, की मला कधीकधी वाटायचं, नदी तिच्या नंतर आली असावी. यादोराव दरवर्षी तिला शहापूरला न्यायला जायचा आणि दरवर्षी हात हलवत परत यायचा. कारण तिच्या घरात भिंतभर फळी होती, आणि फळीवर तिच्या लग्नातली पितळेची भांडी: गुंड, गंज, कोपर, ताटं, लोटे, सगळी भंडाऱ्याच्या बाजारातली, घासून सोन्यासारखी. "एवढं सगळं घेऊन कुठी जाऊ? तुह्या दोन खोल्याइत तं माहा एक गुंडही मावत नाही," असं ती म्हणायची. तिला ऐकू फार कमी यायचं, पण ते ती जीव गेला तरी कबूल करत नसे. तुम्ही पावसाचं विचारा, ती बकरीचं सांगायची, आणि वरून तुमच्याकडे अशी पाहायची की चूक तुमचीच.

पण पुराच्या दिवशी टोल्यातलं सगळ्यात आधी बाहेर पडणारं माणूस म्हणजे बडी माय. यादोरावची गाडी रपट्यावर येऊन थांबली, टेस्टिंगचं गाणं सुरू झालं, की दोन मिनिटांत ती दारात: डोक्यावर गाठोडं, हातात बकरीची दोरी. कोणाकडे न बघता पारीवरून शाळेकडे चालायला लागायची. तिला पाहून टोला निघायचा.

यादोरावला ह्याचा केवढा गर्व! "जगाचा आवाज तिले ऐकू येत नाही, माहा येते," तो छाती ठोकून सांगायचा. गाण्यानंतर तो जी सूचना द्यायचा, तीही वेट सिमेंटच्या गायकासारखी, एका सुरात, जीव नसल्यासारखी: "खालटोल्याच्या लोकायनं ऐकावं. पाणी येऊन राहिलं. घर सोडा. शाळेत जा. पाणी येऊन राहिलं." त्यात ना 'कृपया', ना घाई. एकदा ठवकर सर गाडीत बसून होते. सूचना ऐकल्यावर तेही उतरून शाळेत जाऊन बसले.

सरकारी सूचनेला बासचे डबे लागत नाहीत, भोंगा पुरतो. पण यादोराव डबे उतरवायचा नाही. "बास नसला तं आवाज उघडा लागते," म्हणायचा. हळूहळू टोल्यालाही सवय झाली. सूचना कोणी ऐकत नसे. गाणं आलं की निघायचं. तिथली लेकरं खेळातसुद्धा पूर-पूर खेळताना तोंडानं तोच बास वाजवायची: ढुम, ढुम, ढु-ढुम. कुत्र्यांना तर इतकं पाठ झालं होतं, की गाडी शहापुरातून सुटली की ती शाळेच्या व्हरांड्यात जागा धरायची. बासच तसा होता. त्यानं बैलाच्या पोटातला चारा परत तोंडात यायचा, विहिरीतल्या पाण्यावर वर्तुळं उठायची.

एकदा एका पाहुण्या अधिकाऱ्यानं विचारलं, "हे कुठलं गाणं लावता? अशुभ वाटतं." यादोराव म्हणाला, "साहेब, सनई लावली तं हे लोक जेवायले बसतीन."

असो. शेवंताबाईचा निकाल लागला आणि पावसाळा सुरू झाला. यादोराव शब्दाचा माणूस. त्यानं पेन ड्राइव्हवर ग्लास नर्सेस चढवलं. पहिल्या लग्नात वाजलं, मंडईच्या बैठकीत वाजलं. लोक म्हणाले, ठीक आहे, जरा कानाला लागते. यादोराव बोनेटवर तळहात ठेवून उभा राहायचा आणि मध्येच हात उचलून पाहायचा, जसा वैद्य नाडी सापडत नाही म्हणून पुन्हा पाहतो. "काहीच नाही बाप्पा," तो पुटपुटायचा. "गाडी मेल्यावानी लागते."

श्रावणात एक दिवस, लख्ख ऊन पडलेलं, बपेऱ्याकडून बातमी आली की नदी तिकडे रस्त्यावर आली. मग तहसीलचा फोन. त्या दिवशी ठवकर सर, रजनी मॅडम आणि मी, तिघंही खालटोल्याच्या शाळेत होतो. पूर आला की शाळेत खिचडी शिजवायची, हे आमचं दरवर्षीचं ठरलेलं काम. चढावर उभं राहून आम्हाला रपटा दिसत होता, नाला दिसत होता, आणि पलीकडे बांबूच्या बेटाआड टोल्याची कौलं.

यादोरावची गाडी रपट्यावर आली. ग्लास नर्सेस वाजलं. काच खरवडल्यासारखी ती गिटार नाल्यावरून सरकली आणि विरून गेली. मग त्याचा आवाज: पाणी येऊन राहिलं, घर सोडा.

टोला निघाला नाही असं नाही. पण निघाला रेंगाळत. आधी दोन माणसं बांबूच्या आडून डोकावली. "कोणाची गाडी होय? यादोरावची तं नाही लागत," असं बोलणं झालं म्हणे. मग कोणी रंग ओळखला, कोणी सूचनेचे शब्द ऐकले, आणि बिऱ्हाडं बाहेर पडली. बडी मायचं दार लोटलेलं होतं. सगळ्यांना वाटलं, ती तर नेहमीच पहिली जाते, गेली असेल. यादोरावही त्याच भरवशावर गाडी वळवून चढावर आला, गाणं बंद केलं, आणि शाळेच्या व्हरांड्यात एक एक माणूस पाहत फिरला. कुत्र्यांच्या पुढून गेला, लेकरांच्या पुढून गेला. मग थांबला.

"बडी माय कुठी हाय?"

जो तो आपल्या शेजारी, मागे पाहायला लागला. खिचडीच्या गंजातून वाफ येत होती.

नाल्याकडे पाहिलं तर नाला उलटा वाहत होता. नदी फुगली की तिचं पाणी नाल्यात शिरतं. पाणी पुढे जायचं सोडून मागे यायला लागतं. रपट्याच्या कडेचे दगड दिसेनासे झाले होते. आणि वर ऊन. एवढं लख्ख ऊन, की पाण्याकडे बघवत नव्हतं.

"पारीवरून पायदळ जा," कोणीतरी म्हणालं. "लांबून, पण सुरक्षित."

"पायदळ पोचेपर्यंत पाणी तिच्या चुलीत," यादोराव म्हणाला. तोवर तो गाडीत चढला होता. "आवाजाले पाय लागत नाही."

मग त्यानं खिडकीतून रजनी मॅडमकडे पाहिलं. म्हणजे, ह्या परिस्थितीत! माणूस जीव मुठीत घेऊन निघालाय, आणि त्याला काय आठवलं?

"मॅडम, शब्द मोडतो."

"मोडा! मोडा हो यादोभाऊ, लवकर मोडा!" मॅडम किंचाळल्या.

गाडी उतरणीवरून गेली. रपट्याच्या मधोमध थांबली. चाकं अर्धी पाण्यात. त्यानं मागचं फळकं पाडलं, बासचे डबे टोल्याकडे तोंड करून लावले, आणि स्वतः त्यांच्या बाजूला उभा राहिला, आमच्याकडे पाठ, बांबूच्या बेटाकडे तोंड, एक तळहात डब्यावर. आणि वेट सिमेंट सुरू झालं.

मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललो आहे आणि ह्या लेखातही बोललो आहे. पण त्या दिवशी तो बास जसा वाजला तसा तो इंग्लंडमधल्या त्या पोरांनीसुद्धा कधी ऐकला नसेल. पायाखालचा चढ हलत होता. शाळेच्या खिडक्यांच्या काचा बोलत होत्या. शेजारी उभ्या असलेल्या ठवकर सरांचे दात वाजत होते, आणि ते भीतीनं की बासनं, हे त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.

फार वेळ गेला नाही. बोडीच्या पारीवर, बांबूच्या बेटाच्या मागून, एक ठिपका वर आला. डोक्यावर गाठोडं. हातात दोरी. दोरीच्या टोकाला बकरी. बडी माय नेहमीच्या चालीनं, कोणाकडे न बघता, शाळेकडे चालत होती.

"आली! आली थे!" सगळी शाळा ओरडली.

यादोरावला ती दिसत नव्हती. त्याच्यासमोर बांबू होते, आणि ती बांबूंच्या मागून, त्याच्या पाठीकडच्या वाटेला लागली होती. तो समोर टोल्याकडे पाहत होता, ती बाहेर यायची वाट बघत. पाणी गाडीच्या बोनेटला लागलं.

"यादोभाऊ, बंद करा! बंद करा ते!"

"बंद कर रे यादो! आली तुही बडी माय! बंद कर!"

आम्ही ओरडलो, लेकरं ओरडली, बायांनी ताटं बडवली, कुत्री भुंकली. टोल्यातले दोघं जण कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि तोल गेला तसे परत फिरले. रजनी मॅडमचा घसा फुटला. एवढ्या जवळून बास वाजत असताना माणसाला स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही, हे त्यानंच आम्हाला कितीदा अभिमानानं सांगितलं होतं. त्यानं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. आमच्या बाजूनं तो दिसत होता तो एवढाच: काळा शर्ट, उन्हात चमकणारं पाणी, आणि डब्यावर टेकलेला तळहात. बस स्टॉपवर उभ्या असलेल्या माणसासारखा.

गाडी आधी जराशी सरकली, जसा कोणी बाकड्यावर जागा द्यायला सरकतो. मग आडवी झाली. बास थोडा वेळ पाण्याखालून येत राहिला, असं मला वाटतं; रजनी मॅडम म्हणतात, नाही. ह्यावर आमचं अजून भांडण आहे.

पाणी ओसरल्यावर तो सापडला, खालच्या अंगाला, चिखलात. शर्टाची सगळी बटणं लावलेली होती.

तेराव्याच्या आधी आम्ही तिघं बडी मायला भेटायला गेलो. ती शहापूरलाच होती, यादोरावच्या घरी. टोल्यातल्या पोरांनी तिची पितळेची भांडी गाळातून वेचून, धुऊन आणून दिली होती. सगळी त्या दोन खोल्यांत मावली होती. ती एक गुंड मांडीवर घेऊन राखेनं घासत बसली होती. रजनी मॅडम तिच्यासमोर बसल्या. त्या दिवसापासून त्यांनी एकही गाणं लावलं नव्हतं, आणि मला माहीत होतं त्या काय विचारायला आल्या आहेत. ठवकर सरांनी त्यांना नको म्हणून खूण केली. त्यांनी पाहिलं नाही.

त्यांनी म्हातारीच्या कानाजवळ तोंड नेलं आणि त्या मोठ्यानं, अगदी गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "बडी माय, यादोभाऊ पहिल्यांदा आले होते ना! गाडी आली होती, ओरडून सांगितलं होतं! तेव्हा तुम्ही काहून नाही निघाल्या?"

म्हातारीनं घासणं थांबवलं नाही.

"फळीवरचे भांडे नाही वाजले," ती म्हणाली.